पाच लिटरच्या तेलाच्या जारचं हँडल सुटतं. अंगचंच हँडल असलेला पेट प्लास्टिकचा जार का मिळत नाही?

घाणावाली_भांडुप

नमस्कार. भांडुपला माझा लाकडी घाणा आहे, शेंगदाणा आणि करडई. एक लिटरच्या बाटल्यांची काही तक्रार नाही. पाच लिटरसाठी पेटचा पारदर्शक जार घेते, त्याला बाजूला वेगळं बनवून बसवलेलं लाल हँडल असतं. ते सुटतं. रोज नाही, पण सुटतं तेव्हा गिऱ्हाईक तेल ओतत असतं. मुलुंडच्या एका आजींच्या हातून असाच जार निसटला, तेल ओट्यावरून शेगडीपर्यंत गेलं. गॅस बंद होता म्हणून निभावलं. दरवेळी हँडलचा खालचा पाय आधी निघतो.

पुरवठादाराला म्हटलं, फिनेलच्या कॅनला अंगचंच हँडल असतं, तसा जार द्या. तो म्हणतो पेटमध्ये होतच नाही. खरं आहे का? नसेल होत तर सांध्याला कुठला गोंद लावू? दुधी कॅन नको, आमच्याकडे लोक तेलाचा रंग बघून घेतात.

डायमेकर_साकीनाका

ताई, गोंदाचा विचार आधी सोडा. हँडल बहुतेक पीपीचं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं असणार आणि पीपीच्या गुळगुळीत अंगाला साधा गोंद धरतच नाही. आज चिकटल्यासारखा वाटेल, तेलाचा हात लागला की निघेल.

अंगच्या हँडलबद्दल तुमचा माणूस बराचसा खरं बोलतोय. फिनेलचा कॅन एचडीपीईचा, म्हणजे दुधी प्लास्टिकचा. त्यात वितळलेल्या प्लास्टिकची नळी डायच्या, म्हणजे साच्याच्या, दोन भागांत सोडतात आणि डाय मिटताना हँडलच्या आतल्या बाजूला ती चिमटली जाते. माल अजून वितळलेला असतो, त्यामुळे चिमटलेल्या दोन्ही भिंती एकजीव होतात आणि पोकळ हँडल तयार होतं. पेटचं तसं नाही. आधी प्रीफॉर्म, म्हणजे एक बाजू बंद असलेली जाड नळी बनवतात, मग तो 100 अंशांच्या आसपास गरम करून आत सळई घालून उभा ताणतात आणि 25 ते 40 बार दाबाच्या हवेने फुगवतात. या दुहेरी ताणामुळेच इतकी पातळ भिंत इतकी मजबूत आणि काचेसारखी स्वच्छ होते. पण पेट वितळतं 250 अंशांच्या आसपास. 100 अंशांवर दोन भिंती कितीही दाबा, जुळणार नाहीत. म्हणून हँडल वेगळं.

वेगळं म्हणजे कच्चं, असं मात्र नाही. चांगलं बसवलेलं हँडल जार फुटेपर्यंत सुटू नये, आणि तसं करता येतं. एक पद्धत अशी की तयार हँडल बाटली फुगवायच्या डायमध्येच ठेवतात आणि बाटली त्याच्या पायांभोवती फुगते. दुसरी, जी तुमच्याकडे असावी, तीत बाटली आधी फुगवतात आणि हँडल नंतर खाचांत ठोकून बसवतात. दोन्हींत जोर एकाच गोष्टीवर असतो: हँडलच्या पायाला आकडा हवा आणि बाटलीच्या खाचेला आतून कड हवी. आकडा कडेमागे अडकला पाहिजे. नुसता घट्ट दाबून बसवलेला पाय तेलाने ओशट झाला की सरकतो.

खालचाच पाय का निघतो तेही सांगतो. जार सरळ उचलला की वरचा पाय बाहेर ओढला जातो आणि खालचा उलट आत दाबला जातो. ओतायला आडवा केला की खालचा पायही बाहेर ओढला जातो, आणि भरलेल्या जारचं सगळं वजन तिकडेच असतं. पाच लिटर तेल म्हणजे साडेचार किलोच्या वर, शिवाय हाताचा झटका. पुष्कळ डिझाइनवाले हँडल फक्त उचलून बघतात. ओतून कोणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण ओतणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते आणि शेजारी गॅस असतो.

एक रिकामा जार घ्या. खालच्या खाचेतून करवतीने उभा छेद घ्या आणि उजेडात धरा. आत कड आहे का ते बघा. खाचेच्या कोपऱ्यात भिंत कागदासारखी पातळ किंवा पांढुरकी दिसली, तर तिथे माल जास्त ताणला गेलाय. कोपऱ्याला गोलाई द्यायला सांगा. बसवण्याआधी हँडल किती तास ठेवतात तेही विचारा. मशीनमधून निघाल्यावर पीपी एक-दोन दिवस थोडं थोडं आकसत राहतं. गरमागरम बसवलं तर आज घट्ट, उद्या ढिलं.

पॅकेजिंग_पवई

थोडी भर. पेटची एक वेगळी ग्रेड असते, तिची वितळलेली नळी लोंबून तुटत नाही, त्यामुळे पोकळ हँडलची पारदर्शक बाटली बनते. पण तो ताण मिळत नसल्याने भिंत जाड ठेवावी लागते, जार जड आणि महाग होतो. पीईटीजी या पेटच्याच प्रकाराचंही असं होतं, पण ते पेटच्या रिसायकलिंगमध्ये घोळ घालतं, वाळवताना चिकटून गोळे होतात. ताईंच्या कामाला डायमेकर म्हणतात तोच मार्ग बरा.

तेरा_कंपाऊंड

धारावीत आमचं पेटच्या रिसायकलिंगचं काम आहे. हँडलचं मटेरियल निवडताना आमचाही विचार करा, ही विनंती. जार क्रश करून पाण्याच्या टाकीत टाकला की पेट तळाला बसतं, पीपी आणि एचडीपीई तरंगतं. हँडल आणि बूच असं आपोआप वेगळं होतं, आणि पीपीलाही भाव मिळतो. पीव्हीसीचं असलं तर ते पेटबरोबर तळाला जातं आणि सगळा लॉट खराब करतं. रंगीत पेटचं हँडल असलं तर पांढऱ्या फ्लेकमध्ये, म्हणजे क्रश केलेल्या तुकड्यांत, लाल ठिपके येतात, दर पडतो. गोंद तर नकोच, धुऊन जात नाही.

अजून एक. स्वस्त हँडलमध्ये पीपीच्या दाण्यात खडूची भर असते. 20 टक्के भर घातली की पीपीसुद्धा बुडतं. तुमचं हँडल तोडून बादलीत टाकून बघा.

डायमेकर_साकीनाका

हे फार कामाचं सांगितलंत. खडू भरलेलं हँडल कडकही होतं, आकडा वाकण्याऐवजी तुटतो. बुडालं तर तो माल घेऊच नका, ताई.

घाणावाली_भांडुप

सगळ्यांचे मनापासून आभार. छेद घेतला. वरच्या खाचेला आतून कड आहे, खालची नुसती खोलगट वाटी आहे, अडकायला काहीच नाही. हँडल मात्र तरंगलं. पुरवठादाराला फोटो पाठवलेत, तो डाय बदलायला वेळ मागतोय. तोवर गळ्यात रिंग अडकवायचं हँडल असलेला तयार जार मिळतोय. तो घेऊ का? आणि नवा आला की घरच्या घरी तपासायचा कसा?

डायमेकर_साकीनाका

घ्या. ती रिंग गळ्याच्या कडेखाली अडकते, सुटायची भीती जवळपास नाही. उचलायला उत्तम, पण ओतताना दुसरा हात बुडाला लावावा लागतो. लेबलवर तसं मोठ्या अक्षरांत छापा आणि वयस्कर गिऱ्हाइकांना तोंडानेही सांगा.

नवा आला की त्यात तेल नाही, पाणी भरा. पाच लिटर पाणी पाच किलो, म्हणजे तेलापेक्षा जड. दोन्ही खाचांना तेलाचं बोट फिरवा, रात्रभर हँडलने खुंटीला टांगून ठेवा, सकाळी बाथरूममध्ये ओतून बघा, हिसके देऊन. एकाच लॉटमधले चार-पाच जार तरी बघा, डायमधल्या प्रत्येक कॅव्हिटीचा (जारच्या पोकळ खणाचा) एक मिळाला तर फारच बरं. त्यात टिकला की अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये पडण्याची चाचणी करून घ्या, त्यांची प्रयोगशाळा एमआयडीसीतच आहे. आणि नव्या डायचं ड्रॉइंग आलं की पैसे देण्याआधी इथे टाका, खालच्या खाचेची कड मी बघून सांगतो.