संग्रहालयातली वस्तू मातीत जाऊ द्यायचा हक्क कुणाचा?

निरंजना
न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीने जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या वस्तूंची दोन मोठी दालनं बंद केली. तेव्हापासून 'आता संग्रहालयं ओस पडणार' हा सूर ऐकू येतोय. निमित्त अमेरिकी सरकारच्या नव्या नियमाचं: पवित्र वस्तू, थडग्यांतल्या वस्तू किंवा मानवी अवशेष मांडायचे, अभ्यासायचे, तर आधी संबंधित जमातीची संमती घ्यायची. अवशेष परत करण्याचा मूळ कायदा १९९० चा. म्हणजे विचारायला तीस वर्षांहून जास्त वेळ मिळाला होता.

काय मांडायचं, पाटीवर काय लिहायचं, काय कुणालाच दाखवायचं नाही आणि काय मातीत जाऊ द्यायचं, हे त्या वस्तूच्या माणसांनीच ठरवावं असं माझं ठाम मत आहे. उद्घाटनाच्या नाचगाण्यापुरतं त्यांना बोलावण्याचे दिवस संपले. जेम्स लूना या मूलनिवासी कलाकाराने १९८७ मध्ये सॅन दिएगोच्या एका संग्रहालयात कंबरेला वस्त्र गुंडाळून स्वतःलाच काचपेटीत वाळूवर मांडलं होतं. अंगावरच्या व्रणांशेजारी पाट्या: हा दारूच्या नशेतल्या मारामारीतला. बाजूच्या पेटीत त्याचे घटस्फोटाचे कागद, गाण्यांच्या रेकॉर्ड्स. हा जिवंत माणूस आहे हे न कळून लोक त्याच्या तोंडावर त्याच्याबद्दल बोलत होते! आपण काचेपलीकडे काय बघायला शिकलोय, ते त्याने दाखवून दिलं.

जुनेजाणते
लूनाबद्दल दुमत नाही. पाट्या त्यांनी लिहाव्यात, हेही मान्य. पण 'मातीत जाऊ द्यायचं' इथे माझा पूर्ण विरोध आहे. न्यू मेक्सिकोतल्या झुनी या मूलनिवासी लोकांच्या आहायुदा या लाकडी युद्धदेवता डेन्व्हर आर्ट म्युझियमने आणि नंतर इतरांनी परत केल्या. आज त्या उघड्यावर ऊनपाऊस खात झिजताहेत, आणि तेच अपेक्षित आहे म्हणे. आजच्या वडीलधाऱ्यांचा निर्णय पुढच्या दहा पिढ्यांवर कायमचा लादला जातोय. त्यांच्यातल्याच एखाद्या नातीला उद्या ते कोरीवकाम बघायचं असलं तर?

निरंजना
ती नात नवं कोरलेलं बघेल. आहायुदा दरवर्षी हिवाळ्यात नव्याने कोरल्या जातात. ठरलेल्या कुळांकडे ते काम असतं. नवी मूर्ती बसली की जुनी बाजूला होते आणि झिजत झिजत आपली शक्ती मातीला देते. ती झिजली नाही तर विधीच अपुरा राहतो. शिवाय ती सगळ्या समाजाची असते, कुणा एकाला विकता येतच नाही. म्हणून बाहेर गेलेली प्रत्येक मूर्ती चोरीची, असा झुनींचा युक्तिवाद होता आणि तो संग्रहालयांना खोडता आला नाही. परत आलेल्या मूर्ती पुन्हा चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांनी वरून उघडं, पण भक्कम बंदोबस्त असलेलं ठाणं बांधलं. याला निष्काळजीपणा कसा म्हणायचं?

पडवी
जुनेजाणते, 'संग्रहालयात वस्तू सुखरूप असते' हे गृहीतकच तपासायला हवं. कीड लागू नये म्हणून जुन्या काळी संग्रहालयांत वस्तूंना आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगं सर्रास लावली जात. १९९० च्या कायद्यानंतर ॲरिझोनातल्या होपी या मूलनिवासी लोकांना त्यांच्या पवित्र वस्तू परत मिळाल्या, तेव्हा त्यांवर आर्सेनिक सापडलं. विधीत हाताळायच्या, अंगावर धारण करायच्या वस्तू, आणि आता हात लावायची भीती. चामडं, पिसं, रंग सगळं शाबूत आहे. वस्तू मात्र कामातून गेली.

वाटसरू
मी तुम्हा तिघांशीही सहमत नाही. मूलनिवासी क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळून मांडणी ठरवणारे, आले म्हणजे कारभार बदलला, असं समजू नका. त्याच न्यूयॉर्कच्या संग्रहालयात मे २०२२ मध्ये उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मूलनिवासींचं दालन नव्याने उघडलं. सहक्युरेटर हायुप्स, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नू-चा-नुल्थ समाजाचे. या वस्तू आमच्या आहेत, त्यांची खरी जागा आमच्या घरांत आहे, असं ते जाहीरपणे म्हणत होते. दालन देखणं झालं, वस्तू बहुतांश जिथल्या तिथे राहिल्या.

दुसरं, संमतीचं ओझं कुणावर पडतं ते बघा. संग्रहालयांची पत्रं धडाधड येतात आणि छोट्या जमातीच्या वारसा कार्यालयात ती वाचायला एखाददुसरा माणूस. उत्तर आलं नाही की दालन बंद, आणि बोल जमातीला. कर्मचारी आणि पैसा न देता मागितलेली संमती ही फुकट मजुरी आहे.

निरंजना
ओझ्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यासाठी पैसा संग्रहालयांनीच द्यायला हवा. पण सहक्युरेटरपद नुसतं शोभेचं, हे पटत नाही. वस्तू परत जावी असं मानणारा माणूस आत शिरून तेच बोलत राहिला, ही छोटी गोष्ट नाही.

जुनेजाणते
मला पटणारं उदाहरण अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या प्वेब्लो या मूलनिवासी समाजांच्या मातीच्या भांड्यांचं. २०२२ मध्ये सांता फेला सुरू होऊन ते प्रदर्शन पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात गेलं. २१ समाजांतल्या साठहून अधिक लोकांनी एकेक भांडं निवडलं आणि त्याबद्दल स्वतः लिहिलं. भांडी शाबूत, बोलणारे तेच. मातीत काहीच गेलं नाही.

आणि जिथे वस्तू जाणारच आहे, तिथे निदान आधी त्रिमितीय स्कॅन करून प्रतिकृती तरी ठेवा.

पडवी
तेही विचारूनच. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या हाइस्ला या मूलनिवासी लोकांचा ग्पस्गोलॉक्स हा कोरीव लाकडी खांब १९२९ मध्ये स्वीडनला नेला गेला आणि २००६ मध्ये परत आला. त्याबदल्यात हाइस्ला कोरक्यांनी स्वतः नवा खांब कोरून स्टॉकहोमला दिला. झुनींचं म्हणणं वेगळं: आहायुदाची प्रतिकृतीसुद्धा आहायुदाच, तीही परत करा.

जुनेजाणते
हाइस्लांचा मार्ग मला मान्य आहे. झुनींचा नाही. नकार देण्याचा हक्क असावा, पण तो दर पिढीला नव्याने विचारला जावा, आणि त्यासाठी वस्तू उरायला हवी.

निरंजना
दर पिढीला विचारायचंच असेल, तर 'ठेवू का?' हेही विचारा. संग्रहालयांनी तो प्रश्न आधीच्या एकाही पिढीला विचारला नव्हता.