वकील न लावता स्वतःची केस चालवावी का?

निळीशाई: सहलीचे 62 हजार भरले, ट्रिप ऐनवेळी रद्द आणि पैसे परत नाहीत, म्हणून ग्राहक आयोगात गेले. वकिलाची फी झेपणारी नव्हती, मीच लढले. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही आणि 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, मुंबईच्या खेपा वाचल्या. कायदा समजला हो, अडले ते बाकीच्या गोष्टींत. पहिल्याच दिवशी फाईल परत, पानांवर नंबर नाहीत, अनुक्रमणिका नाही, सेट कमी. मग व्हॉट्सॲपचे मेसेज प्रिंट काढून जोडले तर समोरचे वकील म्हणाले साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट (मोबाईल-कॉम्प्युटरवरच्या पुराव्यासोबत जोडायचा दाखला) कुठंय? मी नुसती बघत राहिले आणि पुढची तारीख पडली. प्रत्येक कोर्टात असं सांगणारं एक टेबल हवं, बाकी आपलं आपण लढू शकतो.

काळाकोट: मी दिवाणीत वकिली करतो. ताई, त्या हरकतीला उत्तर होतं, आयोगात पुराव्याचा कायदा तंतोतंत लागत नाही. पण हे टेबलावर बसलेला माणूस सांगणार नाही, त्याला सल्ला देता येत नाही. आणि जमिनीच्या दाव्यात तर हे करूच नका. एका गृहस्थांनी वाटणीच्या दाव्यात स्वतःच कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, लिहिली, "जमीन वडिलोपार्जित आहे पण कसली मी." झालं, पहिल्या तीन शब्दांत भावाची अर्धी केस सिद्ध. कैफियतीतली कबुली मागे घेणं फार फार अवघड.

गावकुस: मग गरिबाने करायचं काय?

काळाकोट: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं, नाहीतर 15100 ला फोन. 1987 च्या कायद्यात बाईला, एससी-एसटीला, अपंगाला उत्पन्न न बघता मोफत वकील आहे.

रानजाई: मला मिळाला होता असा वकील. फाईल न वाचताच उभे राहिले, मुलाचं वय सुद्धा मीच मागून सांगितलं. शेवटी त्यांना सोडून पोटगीचं मीच बोलले, आणि न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं. 1984 चा फॅमिली कोर्टाचा कायदाच म्हणतो की तिथे वकील हक्काने लावता येत नाही, परवानगी लागते. म्हणजे माणसाने स्वतः बोलावं हे कायद्याला मान्य आहे, मग बोलायचं कसं हे शिकवायची जबाबदारी कुणाची?

काळाकोट: तुमचा अनुभव वाईटच आहे, वकील बदलून मागता येतो हे तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं. तरी उलटतपासणी आली की घरचा माणूस प्रश्न विचारण्याऐवजी भांडायला लागतो, हे मी दर आठवड्याला बघतो.

निळीशाई: कबुलीचा मुद्दा पटला, जमिनीचं असतं तर मीही वकीलच लावला असता. पण वकील बदलून मागता येतो हेच रानजाईला माहीत नव्हतं ना, मी टेबल म्हणतेय ते यासाठीच. माझा निकाल लागला, व्याजासकट पैसे द्या असा आदेश आहे, दोन महिने झाले, दमडी आलेली नाही. आता ग्राहक कायद्याच्या कलम 71 खाली वसुलीचा अर्ज करायचाय. कुणी स्वतः केला असेल तर आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल सोडून आणखी काय काय जोडलं ते लिहा, सोमवारी जातेय.