मदत हवी आहे: ऑटोक्रॉसला पोलोचं आतलं पुढचं चाक फिरतं

मंडळी, ऑटोक्रॉस म्हणजे मैदानावर कोन (शंकू) मांडून आखलेल्या वाटेवरची वेळेची स्पर्धा. गाडी फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), मॅन्युअल. सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरचा एकत्र, जुळवता येणारा संच) बसवलेत, अँटी-रोल बार (वळणात गाडी कलणं कमी करणारा दांडा) कंपनीचाच.

हळू, बंद वळणातून बाहेर पडताना गॅस दिला की आतलं पुढचं चाक जागेवर फिरतं आणि गाडी वळायचं सोडून नाकाने सरळ शंकूवर जाते. व्हिडिओत तेच चाक जवळजवळ हवेत दिसतं. डांबरावर कमी, पण इथे मैदानावर चिऱ्यांची तांबडी धूळ पसरलेली असते, तिथे फारच. लांब, वेगवान वळणांना तक्रार नाही.

पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे दोन अंश केलाय, टायरचं प्रेशर ३२ वरून २९ पीएसआयवर आणलं, पुढचं डॅम्पिंग मऊ केलं. आत शिरताना फरक पडला, बाहेर पडताना नाही. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक फिरू लागलं की ताकद कमी करणारी यंत्रणा) चालू ठेवलं तर इंजिन मरगळतं.

एलएसडी (एकच चाक मोकळं फिरू न देणारा डिफरेन्शियल) सुचवू नका, बजेट नाही. हीच गाडी रोज फोंडा-पणजी करते, पावसातसुद्धा, त्यामुळे मागून एकदम घसरणारी नको. गाडीची उंची कमी करूनही चालणार नाही, स्पीडब्रेकर तुम्हाला माहीतच आहेत.

मला दोन वाटा दिसतात: पुढच्या अँटी-रोल बारच्या लिंक्स (त्याला सस्पेन्शनशी जोडणारे दुवे) फक्त स्पर्धेपुरत्या काढायच्या, किंवा मागे जाड बार लावायचा. की मुळात कॉइलओव्हरचा ड्रूपच (चाक खाली लोंबण्याची मर्यादा) कमी पडतोय? चाक खाली लोंबू देण्याइतकी जागा आहे की नाही, हे जॅकवर गाडी उचलून नेमकं कसं मोजायचं?