राजकीय मतं जुळत नाहीत, तरी बोलणं टिकलं? तुमचे अनुभव सांगा

राजकारणावरून अबोला धरलेली भावंडं, मित्र आजूबाजूला इतके दिसतात की राहवलं नाही, म्हणून हा धागा. कोण बरोबर हे इथे ठरवायचं नाही. समोरच्याशी बोललात कसं, तेवढं लिहा. जमलं नसेल तर तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. माहेर निफाड तालुक्यातलं, कांद्याचं. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने निर्यात बंद केली आणि भाव कोसळले. त्याच आठवड्यात दादा पुण्याला आमच्याकडे आला होता. जेवताना हे म्हणाले, "बरं झालं, सामान्य माणसाला कांदा परवडायला हवा." दादा ताटावरून उठला. पुढे महिनाभर माझं बोलणं फक्त वहिनीशी.

संक्रांतीला गेलो तेव्हा ह्यांनी आपणहून विचारलं, "दादा, मला हिशेब नीट समजावून सांगा." दादाने कपाटातून कांदा विकल्याची हिशोबपट्टी काढली. वर वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाईची कपात. मागच्या कोऱ्या बाजूला त्याने पेनाने रोपं, लागवडीची मजुरी, खतं, ट्रॅक्टरचं भाडं लिहिलं होतं. मागची बेरीज पुढच्यापेक्षा मोठी. "मग थांबायचं ना, भाव येईपर्यंत?" हे म्हणाले. तेव्हा कळलं, लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा साठवणीच्या चाळीत टिकत नाही, निघाला की विकावाच लागतो. मग ह्यांनी त्यांच्या आईच्या खानावळीचं सांगितलं. कांदा महागला की महिन्याचं गणित कसं बिघडायचं ते. दादाने हे कधी ऐकलंच नव्हतं. मतं दोघांचीही बदलली नाहीत. 2024 ला दोघांनी वेगवेगळी बटणं दाबली.

*

जालना जिल्हा. मी मराठा, शाळेपासूनचा मित्र ओबीसी. सप्टेंबर 2023 ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, त्यानंतर आमच्या गावात चहाची हॉटेलंसुद्धा वाटली गेली. आम्ही दोघांनी ठरवलं: मोबाईल खिशात ठेवायचा, आणि उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला सांगून दाखवायचं. मी म्हणालो, "तुझं म्हणणं, आमचं भलं झालेलं तुला बघवत नाही." तो म्हणाला, "हे मी कधी म्हणालो? माझ्या पोराची भरतीतली जागा जाईल ही भीती आहे मला." वर्षभर मी भलत्याच गोष्टीला उत्तरं देत होतो! माझा पोरगाही त्याच भरतीची तयारी करतोय.

*

लालबाग. बाबा आणि काका वर्षानुवर्षं एकत्र शिवाजी पार्कला दसरा मेळाव्याला जायचे. जून 2022 ला शिवसेना फुटली, त्यानंतर दोघं दोन बाजूंना. फॅमिली ग्रुपवर रोज "गद्दार". एक दिवस काका घरी येऊन म्हणाले, "दादा, मला काय म्हणायचं ते म्हण, पोरांसमोर तो शब्द नको." बाबांनी ऐकलं. भांडण अजून होतं, तेही जोरात, पण तो शब्द घरात येत नाही.

*

न्यू जर्सीहून लिहितोय. मला जमलं नव्हतं. बाबांच्या प्रत्येक फॉरवर्डला मी खरी माहिती शोधून लिंक पाठवायचो. फॉरवर्ड बंद झाले. मग त्यांच्या जास्वंदीचे फोटोही येईनासे झाले. फोनवर फक्त तब्येत आणि हवामान. गेल्या रविवारी विचारलं, "बाबा, आणीबाणीच्या शेवटी 1977 ला तुम्ही मत दिलंत, तेव्हा घरात काय वातावरण होतं?" पाऊण तास बोलले. आजोबांशी झालेल्या भांडणापर्यंत आले आणि आईने जेवायला हाक मारली. उरलेलं या रविवारी.