एडेलला गाडीशिवाय?

इंग्लंडच्या डर्बीशरमधल्या एडेलला स्वतःची गाडी नसताना जाता येईल का, असा प्रश्न आहे. मी तर म्हणेन, गाडी नकोच. मँचेस्टर-शेफील्ड रेल्वेमार्गावर या एवढ्याशा गावाला १८९४ पासून स्टेशन आहे. मँचेस्टरकडून आलात तर तीन किलोमीटरहून जास्त लांबीचा काउबर्न बोगदा संपतो आणि एकदम हिरवी दरी समोर येते. रस्त्याने यायचं तर होपहून नो नदीच्या बाजूने, नाहीतर मॅम टॉर या टेकडीजवळच्या खिंडीतून. खिंडीतला रस्ता अरुंद आणि चढाचा.

पेनाइन वे ही ४३० किलोमीटरची पायवाट इथूनच सुरू होते, तीही एका पबच्या दारातून! उत्तरेला किंडर स्काउट हा डोंगर. उंची जेमतेम ६३६ मीटर, त्यामुळे सह्याद्री पालथा घातलेले हसतील. पण वर सगळं सपाट, काळ्या पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा चिखल आणि त्यात पाण्याने कोरलेल्या घळी. धुकं उतरलं की चकवा लागलाच म्हणून समजा. नकाशा आणि होकायंत्र न्याच, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. पाय जपायचे असतील तर दक्षिणेचा मॅम टॉर बरा, ५१७ मीटर आणि माथ्यापर्यंत फरसबंदी वाट.