मदत हवी आहे: आबांच्या काचबिंदूवर भांगेचं तेल?

नमस्कार मंडळी, राजारामपुरीतून लिहितेय. आबांना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. रोज रात्री लॅटानोप्रोस्टचा एकेक थेंब मीच घालते. खालची पापणी ओढली की "हळू गं, झोंबतंय" ठरलेलं. आता भाच्यानं सीबीडी (भांगेतला नशा न आणणारा घटक) तेलाची बाटली आणलीय. भांगेचं आहे, डोळ्यातला दाब उतरतो म्हणे! रंकाळ्यावरच्या मित्रमंडळानं मान डोलावली, झालं.

मी जरा वाचलं. गांजा ओढल्यावर डोळ्यातला दाब उतरतो हे १९७१ मध्येच दिसलं होतं, पण परिणाम तीन-चार तासांचा. दाब तर चोवीस तास सांभाळायचा. थेंब करावेत तर टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, तेलकट, पाण्यात विरघळत नाही, कॉर्नियातून (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून) आत नीट शिरत नाही. आणि २०१८ मध्ये इंडियाना विद्यापीठात उंदरांवर टीएचसीनं दाब उतरला, सीबीडीनं उलट वाढला! आमच्या बाटलीवर सीबीडीच लिहिलंय, तेही जिभेखाली घ्यायचं, डोळ्यात नव्हे.

डॉक्टरांची वेळ गुरुवारी आहे. तोवर बाटली तांदळाच्या डब्यात लपवलीय. कुणाच्या घरी असलं काही डोळ्यात घातलंय का? काय झालं? आणि आबांना समजवायचं कसं तेही सांगा, माझं काही ऐकत नाहीत.