कार्ड आहे, पण रात्री दोन वाजता?
आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं की इंदूरच्या म्हाताऱ्यांचा प्रश्न मिटला, असं म्हणतात. अर्धाच मिटला. २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे मोफत उपचार मिळतात हे खरं. पण आयुष्मान योजनेतल्याच रुग्णालयात. रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकूंना पक्षाघात झाला तेव्हा जवळचं खासगी रुग्णालय योजनेत नव्हतं. काउंटरवर आधी अनामत मागितली. काकू स्ट्रेचरवर, आणि काका थरथरत्या हातांनी पिशवीतल्या नोटा मोजतायत! आणि पक्षाघातात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात, तेही सीटी स्कॅननंतर.

डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं त्याचं कर्तव्यच, असं सुप्रीम कोर्टाने १९८९मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. रात्री काउंटरवरच्या पोराला हे ऐकवणार कोण, म्हणा!

ज्यांची मुलं पुण्या-बंगळुरूला आहेत त्यांनी तरी आत्ताच चौकशी करून ठेवा: घराजवळचं कुठलं रुग्णालय योजनेत आहे आणि तिथे रात्री सीटी स्कॅन होतो का. नुसतं 'चोवीस तास सेवा' या पाटीवर जाऊ नका.